गोल्फ क्लबच्या स्पर्धा आणि हँडिकॅप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासिक मेडल, म्हणजे क्लबची दर महिन्याची स्ट्रोक प्ले स्पर्धा, जवळ आली की नवे सभासद, त्यांचे पाहुणे आणि कधी कधी जुने खेळाडूही तेच ते प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. नियम जागतिक हँडिकॅप पद्धतीचे आहेत. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी ती २०२० मध्ये आणली आणि २०२४ मध्ये तिच्यात काही बदल केले. आपल्याकडे तिची व्यवस्था इंडियन गोल्फ युनियन पाहते.

१. हँडिकॅप म्हणजे माझ्या स्कोअरची सरासरी का?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. खेळ जमून आला की तुम्ही किती चांगले खेळू शकता, ते हँडिकॅप सांगतो. शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ फेऱ्या घेऊन त्यांची सरासरी काढतात, उरलेल्या १२ मोजणीत येत नाहीत. म्हणून बहुतेक दिवशी स्कोअर हँडिकॅपच्या वरच जातो. तसे झाले म्हणजे आकडा चुकला असे नाही. पुरुष आणि महिला दोघांसाठीही कमाल मर्यादा ५४.० आहे.

२. ॲपवर १८.४ दिसतो, बोर्डावर २० लिहिलेय आणि स्पर्धेच्या यादीत १९. खरा कोणता?

तिन्ही खरे. १८.४ हा हँडिकॅप इंडेक्स. तो तुमचा स्वतःचा असतो आणि कुठल्याही कोर्सवर तोच चालतो. २० हा कोर्स हँडिकॅप, म्हणजे त्या कोर्सवर, त्या टीवरून (होल जिथून सुरू करतात ती जागा) तुम्हाला मिळणारे फटके, म्हणजे स्कोअरमधून वजा होणारी सूट. १९ हा प्लेइंग हँडिकॅप. स्पर्धेच्या प्रकाराप्रमाणे कोर्स हँडिकॅपची ठरावीक टक्केवारी घेतली की तो येतो.

हिशेब असा. समजा टीचा स्लोप १२५, कोर्स रेटिंग ७०.२ (दोन्हींचा अर्थ प्रश्न ३ मध्ये) आणि पार, म्हणजे कोर्सचे ठरवून दिलेले फटके, ७१ आहे.

१८.४ × १२५ ÷ ११३ = २०.३५
त्यात कोर्स रेटिंग वजा पार, म्हणजे ७०.२ − ७१ = −०.८ मिळवा: १९.५५, म्हणजे कोर्स हँडिकॅप २०
वैयक्तिक स्ट्रोक प्लेला (एकूण फटके मोजण्याची पद्धत) ९५ टक्के: १९.५५ × ०.९५ = १८.५७, म्हणजे प्लेइंग हँडिकॅप १९

टक्केवारी पूर्णांक न केलेल्या १९.५५ वर लावायची, २० वर नाही. या उदाहरणात उत्तर तेच येते, पण काही वेळा एका फटक्याचा फरक पडतो. घरी कागदावर हिशेब करणाऱ्यांचा आकडा क्लबच्या यादीशी जुळत नाही, तो बहुधा यामुळेच.

३. कोर्स रेटिंग आणि स्लोप यांत फरक काय?

शून्य हँडिकॅपच्या, म्हणजे स्क्रॅच खेळाडूला त्या टीवरून साधारण किती फटके लागतील ते कोर्स रेटिंग सांगते. तिथून पुढे, स्क्रॅच खेळाडूच्या मानाने सामान्य खेळाडूला तो कोर्स किती जास्त जड जातो ते स्लोप सांगतो. स्लोप ५५ ते १५५ या टप्प्यात असतो आणि ११३ हा प्रमाण आकडा धरला आहे. टी मारल्यावर शंभर-दीडशे यार्ड पाण्यावरून चेंडू न्यावा लागत असेल, तर स्क्रॅच खेळाडूला त्याचे काही वाटत नाही, पण २४ हँडिकॅपवाल्याचे दोन चेंडू पाण्यात जातात. अशा कोर्सचा स्लोप चढतो. दोन्ही आकडे प्रत्येक टीचे वेगळे असतात, पुरुषांचे आणि महिलांचेही वेगळे. म्हणून पांढऱ्या टीऐवजी निळ्या टीवरून खेळलात तर कोर्स हँडिकॅप नव्याने काढा.

४. पहिला हँडिकॅप मिळायला किती कार्डे टाकायची?

एकूण ५४ होल्सची. १८ होल्सच्या तीन फेऱ्या, ९ होल्सच्या सहा किंवा दोन्ही मिळून. सोबत निदान एक जण असायला हवा आणि कार्डावर मार्करची, म्हणजे तुमचा स्कोअर लिहिणाऱ्याची, सही हवी. एकट्याने खेळलेली फेरी चालत नाही. पहिला हँडिकॅप मिळेपर्यंत कुठल्याही होलवर हँडिकॅपसाठी पार अधिक ५ पेक्षा जास्त आकडा धरला जात नाही, त्यामुळे एका होलवर १४ झाले तरी घाबरून कार्ड फाडू नका.

तीन कार्डांवर सर्वांत कमी डिफरन्शियल (प्रश्न ५) घेऊन त्यातून २.० वजा करतात. ३४.२, ३१.६ आणि ३७.० असतील तर पहिला इंडेक्स २९.६. चार कार्डांवर सर्वांत कमीतून १.० वजा होतो, पाचांवर सर्वांत कमी जसाच्या तसा. सहा कार्डांवर सर्वांत चांगल्या दोनांच्या सरासरीतून १.० वजा होतो, त्यानंतर वजाबाकी नाही. कार्डे वाढतील तशी सरासरीतली संख्याही वाढते आणि २० झाली की ती ८ होते.

सुरुवातीच्या तीन-चार महिन्यांत आकडा बराच हलतो. तो स्थिर व्हावा असे वाटत असेल तर लवकर २० कार्डे पूर्ण करा.

५. डिफरन्शियल म्हणजे काय? मी ९२ मारले, हँडिकॅपमध्ये काय गेले?

कोर्स सोपा होता की अवघड, हे धरून मोजलेली तुमची फेरी म्हणजे डिफरन्शियल. वरच्याच टीवर ९२ झाले तर:

११३ ÷ १२५ × (९२ − ७०.२) = १९.७

हे १९.७ तुमच्या नोंदीत जाते, ९२ नाही. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सीवर मारलेले ९२ आणि येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर मारलेले ९२ यांचे डिफरन्शियल वेगळे येईल आणि तेच बरोबर आहे. कंसातल्या स्कोअरमध्ये प्रश्न ६ ची मर्यादा आधी लागते. हवामानाची दुरुस्ती असेल तर तीही इथेच वजा होते (प्रश्न १०).

६. एका होलवर ११ झाले. कार्डावर ११ लिहायचे की कमी?

स्ट्रोक प्ले स्पर्धेत ११ झाले तर ११च लिहायचे. हँडिकॅपसाठी मात्र प्रत्येक होलला कमाल मर्यादा असते, तिला नेट डबल बोगी म्हणतात: पार अधिक २ अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे फटके. पार ४, स्ट्रोक इंडेक्स १, कोर्स हँडिकॅप २० असेल तर तिथे दोन फटके मिळतात (प्रश्न ११). ४ + २ + २ = ८. स्पर्धेचा निकाल ११ वर लागतो, हँडिकॅपच्या नोंदीत ८ जाते. ही वजाबाकी ॲप करते, तुम्ही करायची नाही. दोन्हीकडे तुम्हीच कमी केले तर स्पर्धेचे कार्ड चुकीचे ठरते आणि प्रश्न १६ ओढवतो.

७. परवा बऱ्यापैकी खेळलो, तरी हँडिकॅप वाढला. हे कसे?

नोंदीत शेवटच्या २० फेऱ्याच राहतात. नवी आत आली की सर्वांत जुनी बाहेर पडते. बाहेर पडलेली तुमच्या सर्वांत चांगल्या ८ पैकी असेल आणि नवी तितकी चांगली नसेल, तर सरासरी वर जाते. समजा बाहेर गेलेली १४.९ ची होती आणि तिच्या जागी नववा क्रमांक, १९.५, मोजणीत आला. फरक ४.६, त्याला ८ ने भागा: इंडेक्स जवळजवळ ०.६ ने वाढला. कारण तुमची परवाची फेरी नव्हे, पाच-सहा महिन्यांपूर्वीचा तो एक चांगला दिवस आहे. ॲपमध्ये २० ची यादी उघडून तळाची फेरी पाहिली की पुढच्या वेळी काय होणार ते आधीच कळते.

८. पाठदुखीमुळे वर्षभर खराब खेळतोय. हँडिकॅप एका ठिकाणी अडकला आहे. का?

वाढीला दोन लगाम आहेत. आधीच्या ३६५ दिवसांतला तुमचा सर्वांत कमी इंडेक्स हा आधार. त्यापेक्षा ३.० पर्यंत मोकळी वाढ होते, त्यापुढची वाढ निम्मीच धरतात आणि ५.० च्या पुढे जाऊच देत नाहीत. सर्वांत कमी १४.० असेल आणि हिशेबाने १९.० येत असेल, तर ३.० पूर्ण आणि उरलेल्या २.० चे १.०, म्हणजे १८.०. कितीही वाईट खेळलात तरी कमाल १९.०. नोंदीत २० फेऱ्या झाल्यावरच हे लगाम लागू होतात.

दुखापत किंवा शस्त्रक्रियेनंतर खेळ खरोखरच बदलला असेल तर हँडिकॅप समितीला कारणासह लिहा. हात बांधलेले असल्यासारखे समितीने बसू नये, म्हणूनच तिला आकडा बदलण्याचा अधिकार दिला आहे.

९. एकच फेरी भन्नाट झाली आणि सगळ्याच जुन्या फेऱ्यांतून १ वजा झाला. ही शिक्षा का?

शिक्षा नाही. डिफरन्शियल तुमच्या इंडेक्सपेक्षा ७.० ते ९.९ ने कमी आले तर नोंदीतल्या सर्व फेऱ्यांतून १.० वजा होतो, १०.० किंवा त्याहून जास्त असेल तर २.०. इंडेक्स १८.४ आणि डिफरन्शियल ११.० म्हणजे फरक ७.४, म्हणून १.०. पुढच्या फेऱ्या नेहमीसारख्या झाल्या की कमी केलेल्या फेऱ्या एकेक करून बाहेर पडतात आणि परिणाम ओसरतो.

१०. वाऱ्याने सगळ्यांचेच स्कोअर चढले. त्याची सूट मिळते का?

मिळू शकते, पण तुम्ही मागायची नाही. त्या दिवशी त्या कोर्सवर ३६.० किंवा कमी इंडेक्सच्या खेळाडूंची निदान ८ कार्डे जमा झाली, तर यंत्रणा अपेक्षित आणि प्रत्यक्ष स्कोअर ताडून −१ ते +३ अशी दुरुस्ती ठरवते. कुलाब्याच्या यूएस क्लबसारख्या समुद्राला लागून असलेल्या कोर्सवर हे महत्त्वाचे. रात्री बारापूर्वी कार्ड भरले नाही तर त्या दिवसाच्या हिशेबात तुमची फेरी धरली जात नाही.

११. स्ट्रोक इंडेक्स १ म्हणजे सर्वांत अवघड होल का?

बहुधा अवघडांपैकी एक, पण त्याचे काम फटके कुठे मिळतील ते ठरवण्याचे. प्लेइंग हँडिकॅप १९ असेल तर प्रत्येक होलवर एक आणि स्ट्रोक इंडेक्स १ वर दुसरा. ७ असेल तर इंडेक्स १ ते ७ वर एकेक. प्लस हँडिकॅपवाला, म्हणजे स्क्रॅचपेक्षाही चांगला खेळाडू, फटके घेत नाही, परत देतो, तेही इंडेक्स १८ च्या होलपासून.

१२. स्टेबलफर्डमध्ये गुण कसे मोजायचे?

फटक्यांची सूट वजा करून आलेल्या नेट स्कोअरवर: बोगी (पारपेक्षा एक जास्त) १, पार २, बर्डी (एक कमी) ३, ईगल (दोन कमी) ४. नेट डबल बोगी किंवा जास्त असेल तर शून्य. पार ५, स्ट्रोक इंडेक्स ४, हँडिकॅप १९ आणि ६ फटके लागले तर नेट ५, म्हणजे २ गुण.

फ्रँक स्टेबलफर्ड या डॉक्टरांनी ही पद्धत काढली आणि १९३२ मध्ये इंग्लंडच्या वॉलसी क्लबवर तिची पहिली स्पर्धा झाली. एका होलवर वाट लागली तरी उरलेला दिवस जात नाही, हा तिचा मोठा गुण. गुण मिळायची शक्यता संपली की चेंडू उचला आणि पुढे चला, त्यामुळे मागचा गटही खोळंबत नाही. मेडलमध्ये मात्र चेंडू होलमध्ये न घालता पुढच्या टीवरून खेळलात तर बाद. नव्या सभासदांनी पहिल्या दोन-तीन स्पर्धा स्टेबलफर्डच्याच खेळाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१३. कुठल्या स्पर्धेला किती टक्के हँडिकॅप?

स्ट्रोक प्ले आणि स्टेबलफर्ड, वैयक्तिक: ९५. मॅच प्ले (एकेक होल जिंकण्या-हरण्याची पद्धत), एकास एक: १००. फोरबॉल (जोडीतला प्रत्येकजण आपला चेंडू खेळतो, दोघांतला चांगला स्कोअर धरतात) स्ट्रोक प्ले किंवा स्टेबलफर्ड: ८५. फोरबॉल मॅच प्ले: ९०. फोरसम्समध्ये (जोडीचा एकच चेंडू, आळीपाळीने मारायचा) दोघांच्या बेरजेच्या निम्मे. चौघांचा स्क्रॅम्बल (सगळे मारतात, सर्वांत चांगल्या चेंडूच्या जागेवरून पुढे खेळतात): कमी हँडिकॅपपासून चढत २५, २०, १५ आणि १० टक्के.

स्क्रॅम्बलचे उदाहरण: ८, १४, २० आणि २६ हँडिकॅपचे चौघे. २ + २.८ + ३ + २.६ = १०.४, म्हणजे संघाला १०.

फोरबॉल मॅच प्लेमध्ये आणखी एक पायरी असते, ती अनेकजण विसरतात. ८, १४, २०, २५ चे ९० टक्के केले की ७, १३, १८, २३ येतात. मग सर्वांत कमी हँडिकॅपवाला शून्यावर येतो आणि बाकीच्यांना फरक मिळतो: ०, ६, ११, १६. आधी फरक काढून नंतर टक्केवारी लावली तर एखाद्याचा फटका इकडचा तिकडे होतो.

१४. शॉटगन स्टार्ट म्हणजे काय? आणि उशीर झाला तर?

सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होल्सवरून सुरू करतात. प्रत्येक होलवर चौघांचे दोन गट ठेवले तर १४४ जण एकदम खेळतात आणि बक्षीस समारंभाला सगळे एकत्र परततात. म्हणूनच कंपन्यांच्या स्पर्धांत हीच पद्धत असते. तुमचा गट १४ अ असेल तर १४ व्या टीवर पोचायला लागणारा वेळ धरून क्लब हाउस सोडा. सुरुवातीच्या वेळेनंतर पाच मिनिटांत पोचलात तर स्ट्रोक प्लेत दोन फटके दंड, त्याहून उशीर झाला तर बाद. कार्डावर आकडा होलच्या क्रमांकासमोर लिहायचा. पहिला खेळलेला होल म्हणून १ च्या चौकटीत लिहिणारे दर स्पर्धेत निघतात.

१५. दोघांचे नेट ७० झाले. जिंकले कोण?

बहुतेक क्लबांत काउंटबॅक होतो: आधी शेवटचे ९ होल्स, मग ६, मग ३, मग अठरावा. नेट स्पर्धेत शेवटच्या ९ मधून हँडिकॅपचा अर्धा भाग वजा करतात, ६ मधून तिसरा, ३ मधून सहावा. पहिल्याचा हँडिकॅप १८ आणि शेवटचे नऊ ४४: ४४ − ९ = ३५. दुसऱ्याचा १२ आणि ४२: ४२ − ६ = ३६. पहिला जिंकला. शॉटगनमध्ये ‘शेवटचे ९’ म्हणजे कार्डावरचे १० ते १८ की प्रत्यक्षात शेवटी खेळलेले, हे स्पर्धेच्या अटींत आधी लिहिलेले हवे. निकालाच्या टेबलावर ठरवायला गेले की भांडण ठरलेलेच.

१६. कार्डातली कुठली चूक बाद करते?

एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा लिहून कार्ड दिले तर बाद. जास्त लिहिला तर तो जास्तच कायम. बेरीज चुकली तर काही नाही, ती समितीची जबाबदारी. सूट वजा करण्याचे कामही समितीचेच आणि २०२३ पासून कार्डावर हँडिकॅप लिहिला नाही म्हणून दंड नाही. सही नसेल तर मूळ नियमाने बाद. त्याऐवजी दोन फटके दंडाचा स्थानिक नियम समिती लावू शकते.

घामाने ओलसर झालेल्या कार्डावर पेन्सिलीने घाईत लिहिलेला ६ हा ५ सारखा दिसतो. टेबलावर देण्यापूर्वी मार्करसमोर बसून अठरा आकडे मोठ्याने वाचून घ्या. दोन मिनिटांचे काम आहे.

१७. मित्रांनी दोन फुटांचा पट ‘दिला’ किंवा पहिल्या टीवर मुलिगन घेतला. कार्ड चालेल?

मॅच प्लेमध्ये पट (होलकडे हलकेच ढकलण्याचा फटका) देता येतो, म्हणजे न मारताच गेला असे धरता येते, ते नियमातच आहे. हँडिकॅपच्या नोंदीसाठी तो संभाव्य स्कोअर म्हणून लिहा: चेंडू पाच फुटांच्या आत असेल तर एक फटका जोडा, पाच फूट ते वीस यार्डांत दोन किंवा तीन, त्यापलीकडे तीन किंवा चार. स्ट्रोक प्लेमध्ये दिलेला पट नसतोच. मुलिगन, म्हणजे दंडाशिवाय पुन्हा मारलेला फटका, कुठल्याही नियमात बसत नाही. त्या फेरीचे कार्ड टाकू नका.

१८. पावसाने खेळ थांबला किंवा नऊच होल्स खेळलो, तर फेरी वाया गेली का?

नाही. ९ होल्सची फेरी २०२४ पासून लगेच धरली जाते. उरलेल्या नऊंसाठी तुमच्या इंडेक्सवरून अपेक्षित आकडा जोडून १८ होल्सचा डिफरन्शियल तयार होतो, दुसऱ्या नवाची वाट पाहावी लागत नाही. योग्य कारणाने १० ते १७ होल्सवर थांबावे लागले तरी असेच होते. पावसाळ्यात चेंडू उचलून पुसून ठेवण्याचा स्थानिक नियम लागू असला तरी कार्ड ग्राह्य आहे.

जीवाचा प्रश्न म्हणून हे पाठच करा: भोंग्याचा एक लांब आवाज म्हणजे धोका, तिथेच थांबा आणि आसरा घ्या. ‘हा पट मारून घेतो’ चालत नाही, फटका मारलात तर दंड आहे. तीन आवाज म्हणजे साधी स्थगिती, चालू होल पूर्ण करता येतो. दोन छोटे आवाज म्हणजे खेळ पुन्हा सुरू. वीज चमकत असेल तर भोंग्याचीही वाट पाहू नका, तुम्ही स्वतः खेळ थांबवू शकता.

१९. महिला लाल टीवरून, पुरुष पांढऱ्यावरून. एकाच स्पर्धेत न्याय कसा?

प्रश्न २ च्या हिशेबात कोर्स रेटिंग वजा पार आधीच धरलेले असल्याने बहुतेक फरक तिथेच मिटतो. दोन टीचे पार वेगळे असतील तर स्ट्रोक प्लेत जास्त पारवाल्यांना तो फरक वर मिळतो: पार ७३ आणि ७१ असेल तर ७३ वाल्यांना २ फटके. स्टेबलफर्डमध्ये हे लागत नाही.

२०. पाहुण्यांना हँडिकॅपच नाही. मग बक्षीस कसे काढायचे?

कंपन्यांच्या स्पर्धांत डबल पिओरिया वापरतात. समिती गुपचूप १२ होल्स निवडते, ज्यांच्या पारची बेरीज ४८ असते. त्यांवरच्या फटक्यांची दीडपट करा, पार वजा करा, ८० टक्के घ्या. बारांवर ६६ झाले तर ९९, वजा ७२, म्हणजे २७, त्याचे ८० टक्के २१.६. एकूण ९८ असतील तर नेट ७६.४. यात नशीब पुष्कळ असते आणि ही अधिकृत हँडिकॅप पद्धत नव्हे. वार्षिक चषकासाठी ती वापरू नये.

२१. बक्षीस रोख घेता येते का?

हौशी खेळाडूला हँडिकॅपच्या स्पर्धेत रोख नाही. वस्तू किंवा व्हाउचर ७०० पौंड किंवा १००० डॉलरच्या मर्यादेत चालते. स्क्रॅच, म्हणजे हँडिकॅपची सूट नसलेल्या, स्पर्धेत त्याच मर्यादेत रोखही चालते. फेरी खेळताना झालेल्या होल-इन-वनच्या बक्षिसाला ही मर्यादा नाही.

२२. काहीजण फक्त वाईट कार्डे टाकतात. क्लब काय करतो?

हातचे राखून खेळणाऱ्यांबद्दल सर्वांत जास्त पत्रे येतात आणि राग समजण्यासारखा आहे. ज्याने सहा महिने सकाळी साडेपाचला उठून सराव केला, त्याचा चषक फुगवलेल्या आकड्याने जातो. समितीकडे उपाय आहेत. टी बुकिंगची यादी आणि जमा कार्डे ताडून न टाकलेली फेरी शोधता येते आणि सबळ कारण नसेल तर त्या जागी दंडाचा स्कोअर भरता येतो. स्पर्धेत एक आणि मित्रांत दुसराच खेळ दिसला तर इंडेक्स खाली आणता येतो किंवा गोठवता येतो. तक्रार मात्र बारवर नको. तारीख, सोबतचे खेळाडू आणि साधारण स्कोअर लिहून समितीकडे द्या.

विसरून कार्ड न टाकणे हाही तोच दोष, भले हेतू चांगला असो. चांगली फेरी राहिली तर आकडा फुगतो. वाईट राहिली तर तो खोटा कमी राहतो आणि आंतरक्लब सामन्यात तुमचाच जोडीदार भरडला जातो.

२३. दुबईत राहतो, दोन क्लबांचा सभासद आहे. सुट्टीत मुंबईला आल्यावर कोणता हँडिकॅप सांगू?

इंडेक्स एकच असतो, तो होम क्लब सांभाळतो. दुसऱ्या क्लबला तोच सांगा आणि तिथल्या टीप्रमाणे कोर्स हँडिकॅप काढा. रेटिंग असलेल्या कोर्सवर इथे खेळलेल्या फेऱ्याही होम क्लबच्या नोंदीत जायला हव्यात. कोर्स रेटिंग, स्लोप आणि पार असलेल्या कार्डाचा फोटो काढून ठेवा, परतल्यावर भरताना तेच तीन आकडे विचारले जातात.